मांडवीतलं जहाज आणि मानकोलीचा हिशेब

ठाण्याजवळच्या मानकोली नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी हिशेब पाहतो. ट्रकची भाडी, डिझेल, टोल, वाराई, ड्रायव्हरची उचल, सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे आकड्यांचा कसलाही प्रश्न पडला की लोक माझ्याकडे येतात. दिवाळीची घाई संपली आणि गोव्याचे बेत सुरू झाले की एक प्रश्न हमखास असतो, "दादूस, जहाजावर कुठलं मशीन चांगलं देतं?" विचारणारा ऐकायला आलेला नसतो, मुहूर्त विचारायला आलेला असतो. तरीही मी उत्तर देतो. या वेळी ते जरा ऐसपैस लिहून ठेवतो, म्हणजे चहा गार होईपर्यंत तेच तेच बोलायला नको.

आमच्याकडे हा प्रश्न इतका का पडतो, ते आधी सांगायला हवं. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात भाताची खाचरं होती, तिथे गोदामं उभी राहिली. कोणाला दरमहा भाडं येतं, कोणाची जमीन रस्त्यात गेली आणि एकरकमी मोबदला आला. एकरकमी पैशाला पाय लवकर फुटतात. आणि गोवा आहे किती लांब? रात्री जेवून निघालं की सकाळी गोव्याच्या वेशीवर, बांद्याला नाश्ता.

मी सांगतोय त्या सहलीत वर्गणी माझ्याकडे होती. गाडी, हॉटेल, जेवण हे वर्गणीतून, आणि जहाजावरचा खेळ ज्याचा त्याने स्वतःच्या पैशाने, असं ठरलं होतं. मात्र रोख सगळ्यांची माझ्याच बॅगेत. कोण किती घेऊन वर चढला आणि पहाटे किती घेऊन उतरला, हे डायरीच्या मागच्या पानावर लिहायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. पुढे जे सांगतोय ते त्या पानाच्या जोरावर.

जहाज म्हणायचं, पण ते जागचं हलत नाही. पणजीला बांदोडकर मार्गावरच्या जेट्टीवर तिकीट काढायचं, छोट्या बोटीने नदीच्या मधोमध जायचं आणि नांगरलेल्या जहाजावर चढायचं. मांडवीत अशी अर्धा डझन तरी जहाजं उभी आहेत. नदीत का, तर कायद्यामुळे. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा 1976 चा. त्यात 1992 साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत मशीन ठेवायला परवानगी मिळाली. मग 1996 साली टेबलावरच्या खेळांना जहाजावर मुभा मिळाली. म्हणजे पत्ते आणि रुलेट हवं तर पाण्यावर जा. आपल्या महाराष्ट्रानेही 1976 सालीच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला. म्हणून आपली माणसं बांदा ओलांडतात.

जेट्टीवर ओळखपत्र बघतात. वय 21 च्या आत असेल तर प्रवेश नाही, ते ठीकच. पण आधार कार्डावर गोव्याचा पत्ता असेल तरीही प्रवेश नाही. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथल्या कॅसिनोत जाऊन खेळायला बंदी आहे. ज्या सरकारला या धंद्यातून महसूल मिळतो, त्याने आपली लेकरं दाराबाहेर ठेवली आहेत आणि दार उघडं ठेवलंय ते आपल्यासाठी. मला विचाराल तर मशीनबद्दलचं निम्मं ज्ञान या एका नियमातच आलं.

प्रवेशाच्या पैशांत जेवण, पेयं आणि थोड्या चिपा असं पॅकेज असतं. या चिपांना ओटीपी म्हणतात, वन टाइम प्ले. आमच्यातल्या एकाने हिशेब मांडला, तीन हजार भरले आणि दोन हजारांच्या चिपा मिळाल्या, म्हणजे जेवण हजारात पडलं. तसं नसतं. ओटीपी चिप काउंटरवर देऊन रोख मिळत नाही. ती एकदाच लावायची. हरलात तर गेली, जिंकलात तरी ती चिप गेलीच, फक्त जिंकलेली रक्कम खऱ्या चिपांत हातात येते. रुलेटवर हजाराची ओटीपी लाल-काळ्यावर लावली तर जिंकण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी असते, म्हणून तिची खरी किंमत पाचशेच्याही आत. दोन हजारांची भेट हजाराचीही नव्हती.

आता मशीन.

आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, तसे सावध माणूस. टेबलावर पत्ते खेळायला त्यांना संकोच वाटत होता. इंग्रजी बोलणारा डीलर, आजूबाजूला सुटाबुटातली माणसं, चुकलं तर हसतील. मशीन हसत नाही. मशीनपुढे खुर्ची मऊ असते, बटण एकच, आणि माणूस एकटा असतो. दाजी बसले, मी बाजूच्या रिकाम्या खुर्चीत. त्यांनी दहा हजार भरले. पडद्यावर रुपये दिसेनात, क्रेडिट दिसू लागले. खाली बारीक अक्षरांत ओळी किती आणि ओळीमागे किती हे लिहिलेलं होतं. दाजींना वाटत होतं की ते रुपया लावताहेत. एका ओळीला एक रुपया होता खरा, पण ओळी पन्नास होत्या. बटण एकदा दाबलं की पन्नास रुपये.

दाबलं. चित्रं फिरली, थांबली, मशीन गाऊ लागलं, दिवे लागले, आकडा टणाटण वर चढला. दाजींनी माझ्या मांडीवर थाप मारली. मी वाचलं, वीस. पन्नास लावून वीस परत आले होते, तीस रुपये गेले होते, आणि वाजंत्री लागली होती. असं पुन्हा पुन्हा होत राहिलं. तोट्याला फायद्याचा सदरा घालायची ही युक्ती मशीन बनवणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे, आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही तिच्यावर बरंच लिहिलंय. आवाज बंद करून निव्वळ क्रेडिटचा आकडा बघत बसलात तर करमणूक किती उरते, ते एकदा करून पाहा.

लोक विचारतात ते "चांगलं देणं" म्हणजे परताव्याचा टक्का. मशीनच्या प्रोग्राममध्ये तो आधीच ठरलेला असतो. अमेरिकेत नेवाडा राज्याचा, म्हणजे लास वेगासचा, नियम असा आहे की मशीनचा परतावा किमान 75 टक्के हवा. न्यू जर्सीत 83. प्रत्यक्षात तिथली मशीनं यापेक्षा जास्त देतात. नेवाडाचे आकडे सरकारच प्रसिद्ध करतं आणि त्यात सगळ्यात लहान नाण्याच्या मशीनवर घर, म्हणजे कॅसिनो, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ठेवून घेतं, मोठ्या नाण्याच्या मशीनवर त्याहून कमी. आपल्या हिशेबासाठी 90 टक्के परतावा धरू.

हे ऐकलं की प्रत्येक जण मनात करतो तो हिशेब चुकीचा असतो. दहा हजार नेले, नव्वद टक्के परत, म्हणजे नऊ हजार घेऊन येईन, हजारात रात्रभर मजा. ऐकायला स्वस्त वाटतं. पण तो टक्का तुमच्या खिशातल्या रकमेवर नसतो. प्रत्येक वेळी लावलेल्या पैशावर असतो, आणि तुम्ही तेच पैसे पुन्हा पुन्हा लावता.

आमच्या धंद्यातली वाराई, म्हणजे चढ-उताराची हमाली, घ्या. माल ट्रकमध्ये चढवला की वाराई, गोदामात उतरवला की वाराई, तोच माल पुन्हा दुसऱ्या गाडीत भरला की पुन्हा वाराई. मालकाला नफा झाला की तोटा, हे हमालांची टोळी विचारत नाही. माल जितक्या वेळा हलला तितक्या वेळा पैसे. मशीन तुमच्या नोटांवर तशीच वाराई घेतं.

दाजींचेच दहा हजार धरू. पन्नासच्या हिशेबाने दोनशे वेळा बटण दाबलं की सगळे दहा हजार एकदा लावून झाले, आणि सरासरीने नऊ हजार उरले. ते लावून झाले की 8,100. मग 7,290. मग 6,561. पाचव्या फेऱ्याला सहा हजारांच्याही खाली. दहा फेरे झाले की 3,487. तोवर दाजींनी लावलेले एकूण पैसे भरतात 65 हजारांच्या वर. नेले दहा हजार आणि खेळले पासष्ट हजार. दहा टक्के कापले गेले ते पासष्टवर. मिनिटाला दहा वेळा बटण दाबणं ही काही घाई नव्हे, सगळेच दाबतात. त्या गतीने हे सगळं दोन-सव्वादोन तासांत उरकतं.

ही सरासरी झाली. प्रत्यक्षात कोणी अर्ध्या तासात रिकामा होतो, कोणी एकदा वर उसळतो. पण आमच्यातला जो वर उसळला तो उठला नाही, त्याचाही फेरा चालूच राहिला. डायरीच्या पानावर त्या रात्री "नेले" आणि "आणले" अशा दोन रकान्यांत एकच नाव असं आहे की ज्याने नेल्यापेक्षा जास्त आणले. त्याचं पोट बिघडलं होतं म्हणून तो लवकर झोपायला गेला होता.

म्हणून कुठलं मशीन चांगलं, यापेक्षा ताशी किती पडतंय हे विचारावं. एका दाबाला किती रुपये, तासाला किती दाब आणि टक्का किती, यांचा गुणाकार करायचा. पन्नास गुणिले सहाशे म्हणजे तासाला तीस हजारांची उलाढाल, त्याचे दहा टक्के तीन हजार. तुमची खुर्ची ताशी तीन हजारांची आहे. ओळी पन्नासवरून दहावर आणल्या, ओळीमागे तोच रुपया ठेवला, तर तीच खुर्ची सहाशेची होते. हात सावकाश चालवला तर आणखी उतरते. खेळायचंच असेल तर या एवढ्याच गोष्टी तुमच्या हातात आहेत. बाकी काहीच नाही.

बाकी काहीच नाही म्हटलं की लोक चिडतात. "गरम मशीन" असतं, "भरलेलं मशीन" असतं, कोपऱ्यातलं जास्त देतं, पहाटे जास्त देतं, असं प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेलं असतं. दाजी जेवायला उठले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर एक बाई बसल्या आणि थोड्याच वेळात त्यांना बरी रक्कम लागली. दाजींनी ती रक्कम स्वतःचीच धरली. सावंतवाडी येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नव्हता. "मी भरलं, तिने नेलं." पण मशीनच्या पोटात आकडे काढणारा प्रोग्राम अखंड चालू असतो, कोणी खेळत नसलं तरीही. तुम्ही ज्या क्षणी बटण दाबता त्या क्षणीचा आकडा तुमच्या वाट्याला येतो. दाजी बसून राहिले असते तर त्यांचं बोट त्याच क्षणी पडलं असतं असं कोण म्हणेल? आधी किती गेले याची मशीनला आठवण नसते. आठवण आपल्याला असते, तिथेच घोटाळा.

आणि ते "थोडक्यात हुकलं"? त्याचीही गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने लिबर्टी बेल हे मशीन बनवलं. तीन चाकं, प्रत्येकावर दहा चित्रं. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजार जुळण्या, त्यातली एक मोठी. जे दिसत होतं तेच गणित होतं. 1984 साली इंगे टेलनेस नावाच्या गृहस्थांना एक पेटंट मिळालं आणि चित्र बदललं. डोळ्यांना दिसणारं चाक तेच, पण कुठे थांबायचं ते संगणक ठरवणार, आणि संगणकाच्या मनातलं चाक हवं तेवढं मोठं. दिसायला चाकावर 22 जागा असतील तर तुम्हाला वाटतं की 10,648 जुळण्यांत एकदा नंबर लागेल. आत प्रत्येक चाकाला 64 आकडे असले तर जुळण्या होतात 2,62,144. मोठ्या चित्राच्या वाट्याला त्यातला एकच आकडा, आणि त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना भरपूर. परिणाम असा की मोठं चित्र ओळीच्या एक घर वर किंवा एक घर खाली वारंवार येऊन थांबतं. "आत्ता लागलंच असतं" हे वाटणं त्या रचनेतून येतं. हल्ली तर चाकं पडद्यावरचीच असतात.

यात फसवणूक आहे का? "मशीन सेट केलंय" असं आमच्या गाडीत तीन जण म्हणत होते. मी त्यांच्याशी वाद घातला. लबाडीची गरजच काय? उघड गणितावर रोज पैसे मिळत असताना परवाना धोक्यात घालून कोण लबाडी करेल?

आमच्या आजोबांच्या पिढीला हे गणित आमच्यापेक्षा बरं कळायचं, कारण ते मटक्याच्या शेजारी राहत होते. 1962 साली कल्याणजी भगतांनी सुरू केलेला धंदा आणि मग 1964 पासून रतन खत्रींचा. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि एक आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. दहात एक लागणार आणि मिळणार नऊपट, म्हणजे दहावा रुपया धंदेवाल्याचा. टक्का मशीनचाच! पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा निघायचा, ओपन आणि क्लोज. आकडा लावून माणूस गिरणीत जायचा, शेतावर जायचा, संध्याकाळपर्यंत त्याचे पैसे अडकून असायचे. त्या मटक्यानेही घरं बुडवली, आणि तो दिवसातून दोनदाच निघायचा. इथे मिनिटाला दहा वेळा निघतो.

टेबलाकडे जाणाऱ्यांसाठी थोडंसं. अंदर-बाहर गावच्या यात्रेत पाहिलेलं असतं म्हणून आपली माणसं तिकडे वळतात. जिच्याकडे पहिलं पान जातं ती बाजू शंभरात साधारण साडेएक्कावन्न वेळा जिंकते, आणि म्हणूनच अनेक टेबलांवर त्या बाजूला रुपयामागे नव्वद पैसेच देतात. दुसऱ्या बाजूला पूर्ण रुपया, पण ती जिंकते कमी. शंभराला दोन-तीन रुपये घराचे, कुठूनही मोजा. रुलेटचं चाक आधी नीट बघा. शून्य एक असेल तर 37 घरं आणि शंभराला 2 रुपये 70 पैसे. दोन शून्यं असतील तर 38 घरं आणि 5 रुपये 26 पैसे, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि खेळ तोच. बॅकरामध्ये बँकर आणि प्लेयर दोन्हींवर एक-सव्वा टक्का, पण "टाय" वर आठपट देतात म्हणून हात शिवशिवतो, तिथे चौदा टक्क्यांहून जास्त जातात. ब्लॅकजॅकच्या टेबलावर 3 ला 2 असं लिहिलंय की 6 ला 5, ते वाचा. शंभर लावून ब्लॅकजॅक आला तर पहिल्यात दीडशे, दुसऱ्यात एकशे वीस. टेबलावर टक्का मशीनपेक्षा कमी हे खरं, आणि पानं पिसण्यात वेळ जातो हेही बरं. पण किमान बोली मोठी असते, आणि दारू हातात आणून देतात.

खऱ्या, चालत्या जहाजांबद्दलही आता विचारणा होते. सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून कॉर्डेलियाचं एम्प्रेस निघतं. ठाण्या-डोंबिवलीकडची निवृत्त जोडपी सिंगापूरहून क्रूझ करतात, मुलगा अमेरिकेत असला की मायामीहून बहामाला जाऊन येतात. जगभरच्या क्रूझ जहाजांची रीत साधारण सारखीच. बंदरात असेपर्यंत कॅसिनो बंद, आणि किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर बाहेर गेल्यावर उघडणार. तिथे जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा कायदा, आणि तो झेंडा बहुधा बहामा नाहीतर पनामाचा. नेवाडासारखं दरमहा आकडे छापणारं सरकारी खातं भर समुद्रात नसतं. मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने मशीनं नेवाडासारख्या ठिकाणच्या मापाला उतरणारी असावीत असं ठरवलंय, तेव्हा मशीन बनावट असण्याची भीती नको. भीती दुसरी आहे. वेगासमध्ये एका कॅसिनोत मन रमलं नाही तर रस्ता ओलांडून दुसरीकडे जाता येतं, म्हणून गिऱ्हाईक राखण्यासाठी त्यांना टक्का सांभाळावा लागतो. जहाजावर रस्ता ओलांडायची सोय नाही. एकच कॅसिनो, तीन रात्री, चहूकडे पाणी. त्यांनी जास्त का द्यावं?

शिवाय जहाजावर सगळा व्यवहार खोलीच्या कार्डावर. जेवण, मसाज, दारू, मशीन, सगळं एका बिलात, आणि ते बिल शेवटच्या सकाळी दाराखालून सरकवलेलं. कॅसिनोसाठी खोलीच्या खात्यातून पैसे उचलले तर काही परदेशी कंपन्या वर टक्केवारीही कापतात. म्हणजे मशीनला हात लावण्याआधीच एक वाराई. जहाजावर जाणाऱ्यांना माझं सांगणं, खेळायचे ते पैसे वेगळ्या पाकिटात रोख न्या आणि कार्ड कॅसिनोशी जोडूच नका. मग "पुढची क्रूझ फुकट" असं पत्र येणार नाही, कारण ती पत्रं कार्डावरच्या उलाढालीवरून जातात. लक्षात घ्या, किती हरलात यावरून नाही, किती फिरवलेत यावरून. त्यांचा हिशेबही फेऱ्यांचाच असतो, फक्त तो त्यांना पाठ असतो.

आता कर, कारण यात आमच्या ऑफिसातल्या शिकलेल्यांनीही डोकं धरलं. चिपा विकत घेताना त्या रकमेवर जीएसटी लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो पूर्ण रकमेवर 28 टक्के होता, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. जिंकलेल्या चिपा पुन्हा लावल्या तर परत लागत नाही, पण सुरुवातीलाच एवढा मोठा बोजा असतो. तो पॅकेजमध्ये धरलाय की वरून घेणार, हे काउंटरवर विचारून, पावती बघून मगच पैसे द्या. आणि जिंकलात तर प्राप्तिकर 30 टक्के, वर उपकर धरून 31.2. दहा हजारांच्या वर जिंकलं की टीडीएसचा नियम आहे. यात तोटा वजा होत नाही. धंद्यात आपण खर्च वजा करतो, तोटा पुढच्या वर्षी नेतो. इथे शुक्रवारी पन्नास हजार जिंकले आणि शनिवारी सत्तर हजार हरलात, तर कायद्याच्या नजरेत तुमचं उत्पन्न पन्नास हजार आणि त्यावर कर. शनिवार तुमचा तुम्ही बघा. तिकडे जाण्याचा खर्च, हॉटेल, पॅकेज, काहीच वजा नाही. हे मी दाजींना परतीच्या वाटेवर सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बरं झालं मी जिंकलो नाही."

राहता राहिला उसना पैसा. रात्री दोन वाजता जहाजावर मागितलेल्या पैशाला माणूस नाही म्हणत नाही, कारण समोरचा रोज नाक्यावर भेटणार असतो. माझ्या डायरीतले सगळ्यात वाईट आकडे मशीनचे नाहीत, हेच आहेत. दोन मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय, आणि रक्कम ऐकली तर हसाल. त्यामुळे आता वर्गणी माझ्याकडे असली तर माझा नियम ठरलेला आहे, बोटीत पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाचे खेळायचे पैसे त्याच्या हातात, आणि बॅग हॉटेलात. वर कोणी कोणाला द्यायचे नाहीत. हे पाळलं जाईल ना, अशी शंका रास्त आहे. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन यूपीआयची आणि एटीएम कार्डाची रोजची मर्यादा निघायच्या आधीच खाली आणायची. ती पुन्हा वाढवता येते, पण त्यासाठी ॲप उघडून सगळे सोपस्कार करावे लागतात, आणि तेवढ्यात बऱ्याच जणांना झोप येते.

ज्याला गोव्याहून आल्यावरही चैन पडत नाही, जो पुढच्या शनिवारची गाडी एकटाच ठरवतो, गेलेले काढून आणायचे म्हणून जमिनीच्या पैशाची ठेव मोडायला बँकेत जातो, त्याला टक्क्यांचा हिशेब सांगून उपयोग नाही. तो त्याला पाठ असतो. त्याच्या बायकोला, भावाला मी टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर देतो, 14416. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलतात. ठेव मात्र अशी वेळ येण्याआधीच दोघांच्या नावावर, दोघांच्या सहीने निघेल अशी करून घ्या. बँकेत त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरायला दोघांनाही जावं लागतं. सहीला माणूस राजी असतो तो गोव्याला जायच्या आधीच, आल्यावर नाही.